साठ यार्डांवर थबकणारा नर : लहान मुलासोबत टर्कीच्या शिकारीला जाताना ब्लाइंडचं काय चुकतं

लक्षण असं आहे. नर टर्की, म्हणजे कोंबडीच्या कुळातला मोठा अमेरिकी रानपक्षी, पहाटे झाडावरून ओरडतो, उजाडल्यावर खाली उतरतो आणि आपल्या कॉलला (मादीचा आवाज काढायच्या वाद्याला) उत्तर देत देत मोकळ्या कुरणातून सरळ आपल्याकडे यायला लागतो. शेपटीचा पंखा फुललेला, डोकं लाल-पांढरं-निळं. मग पन्नास-साठ यार्डांवर (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा जरासं कमी) थबकतो. मान काठीसारखी ताठ होते, पंखा मिटतो, ‘पट्... पट्...’ असा तुटक आवाज येतो आणि तो आल्या वाटेने झपाझप निघून जातो. आपण एकटे असताना असं क्वचित होतं. मूल सोबत असलं की जवळजवळ दर वेळी होतं.

आमच्याकडे हे सलग दोन वर्षं झालं. आम्ही अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या मध्य भागात राहतो. गावाबाहेर एका वयस्कर शेतकऱ्याची जमीन आहे, तिथे त्यांच्या परवानगीने जातो. ओक आणि हिकरीचं रान, मध्ये गवताची कुरणं, कडेला सीडरची हिरवी रांग. मिझुरीत ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी मुख्य हंगामाच्या आधी एक शनिवार-रविवार राखून ठेवलेला असतो. मुख्य हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होतो आणि तीन आठवडे चालतो. मुलांना त्यातही जाता येतं, पण आमच्यासाठी खरी संधी ती दोन दिवसांचीच. त्या दोन दिवसांत ब्लाइंडने, म्हणजे लपून बसायच्या तंबूने, घात केला की पोराला पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावं लागतं. नऊ वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे फार मोठा काळ असतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ब्लाइंड म्हणजे आपल्याकडचं लपण. पाणवठ्यावर प्राणी मोजायला बसतात तेव्हा फांद्या लावून आडोसा करतात, तोच प्रकार, फक्त घडी होणारा, कापडाचा आणि पाठीवर नेता येणारा. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मुळे शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. इथला मामला वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिझुरीतून रानटर्की जवळजवळ संपली होती. राज्याच्या वनखात्याने पक्षी पकडून जिल्ह्या-जिल्ह्यांत पुन्हा सोडले, आणि १९६० मध्ये पहिला नियंत्रित हंगाम उघडला. परवाना, ठरलेले दिवस, ठरलेली संख्या, फक्त नर किंवा दाढी (छातीवरून लोंबणारा केसांसारख्या पिसांचा झुबका) असलेला पक्षी, आणि मारलेल्या प्रत्येक पक्ष्याची त्याच दिवशी नोंद. आम्ही जे मारतो ते खातो. छातीचा खिमा उत्तम होतो, मांड्या मात्र कुकरमध्ये चांगल्या शिट्ट्या दिल्याशिवाय चावत नाहीत. महाराष्ट्रात पक्ष्यांचे फोटो काढायला मुलांना घेऊन लपणात बसणाऱ्यांनाही पुढचं बरंचसं उपयोगी पडेल. बंदुकीचा भाग तेवढा सोडून द्या.

पहिल्या वर्षी मी सगळा दोष मुलाच्या चुळबुळीवर ढकलला. त्याला दटावलं, “हलू नकोस” असं कानात शंभर वेळा म्हटलं. दुसऱ्या वर्षी कॉल बदलला. लाकडी पेटीचा बॉक्स कॉल ठेवून पाटीवर काडी घासायचा स्लेट कॉल घेतला, कमी वाजवला. नकली टर्की मागे-पुढे हलवून पाहिल्या. काही फरक नाही. त्या रविवारी शेवटचा नर निघून गेला तेव्हा माझा हात मुलाच्या खांद्यावर होता. मी म्हटलं, “पाहिलास ना, किती मोठा होता?” तो म्हणाला, “बाबा, तो कुठे होता? मला दिसलाच नाही.”

मग मी त्याच्या स्टुलावर बसलो आणि पाठ वाकवून माझे डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणले. समोर काळं कापड. त्यावर खिडकीची शिवण, आणि शिवणीच्या वर आकाशाची आणि सीडरच्या शेंड्यांची एक पट्टी. कुरण दिसतच नव्हतं. दोन वर्षं हे लेकरू पहाटे साडेचारला उठून, थंडीत काकडत येऊन, कापडाकडे बघत बसलं होतं. बाहेर नर ओरडला की तो पाहण्यासाठी अर्धवट उठत होता, मान वर काढत होता, पुन्हा बसत होता. टर्कीला नेमकं तेच दिसत होतं.

निदान एवढंच आहे. मूल चुळबुळ करतं कारण त्याला दिसत नाही. ज्याला दिसतं ते मूल आपोआप स्तब्ध होतं. बाकीच्या दुरुस्त्या याच्या मागून येतात.

टर्कीची नजर

टर्कीला वास फारसा येत नाही. हरणाच्या शिकारीत वाऱ्याची दिशा, अंगाचा वास यांची जी काळजी घेतात ती इथे लागत नाही. पण नजर विलक्षण. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न हलवता तिला जवळजवळ ३०० अंशांचा परिसर दिसतो, आणि मान जराशी वळवली की पुरं वर्तुळ. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, तिच्या डोळ्यात चार प्रकारच्या. आपल्याला न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशाचा काही भागही तिला दिसतो. त्यात ती दिवसाउजेडी खाणारी आणि सगळ्यांचं खाद्य असलेली, त्यामुळे हालचाल टिपण्यात तरबेज.

गंमत म्हणजे खुद्द ब्लाइंडचं तिला काही वाटत नाही. मोकळ्या शेतात काल नसलेला तंबू आज उभा असला तरी टर्की बहुतेक वेळा त्याच्याजवळून निवांत चालत जातात. हरीण असं करत नाही. म्हणजे टर्की बिचकते ती तंबूच्या आकाराला नव्हे, तंबूच्या आत जे हललं, चमकलं किंवा उजळलं त्याला. निवड करताना हे डोक्यात पक्कं बसलं की दुकानातल्या निम्म्या गोष्टी बाद होतात.

आधी घरी मोजा, मग दुकानात जा

दिवाणखान्यात मुलाला स्टुलावर बसवा. पावलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. ही अट सोडू नका. लटकणारे पाय झुलतात, झुलणारे पाय कापडाला लागतात, आणि कापड बाहेरून थरथरताना दिसतं. मी सुरुवातीला माझ्यासारखीच घडीची खुर्ची त्यालाही दिली होती, १७ इंच उंचीची. त्यावर त्याला थोडंफार दिसायचं, पण पाय अधांतरी. मग १२ इंचांचं तिपाई स्टूल दिलं, तर पाय टेकले आणि दिसणं बंद झालं. दोन्ही बाजूंनी अडकलो होतो आणि दोष मात्र ब्लाइंडच्या खिडकीचा होता.

स्टुलावर नीट बसलेल्या मुलाच्या डोळ्यापासून जमिनीपर्यंत टेप लावा. आमच्याकडे नऊ वर्षांच्या मुलाचं हे माप १२ इंची स्टुलावर ३५ इंच आलं. खांदा २९ इंचांवर. जुन्या ब्लाइंडच्या खिडकीची खालची कड जमिनीपासून ३६ इंचांवर होती. म्हणजे त्याचा डोळा खिडकीच्या एक इंच खाली. माझा डोळा माझ्या खुर्चीवरून ४८ इंचांवर, म्हणून मला दोन वर्षं काहीच खटकलं नाही.

आमचा हिशेब असा ठरला : खिडकीची खालची कड मुलाच्या डोळ्यापेक्षा किमान आठ ते दहा इंच खाली हवी. बंदुकीची नळी डोळ्याच्या दोनेक इंच खालून जाते, तिच्याखाली टेकणीची बेचकी येते, आणि मूल थोडं पुढे झुकलं की सगळं आणखी खाली सरकतं. एवढी जागा नसेल तर नळी कापडावर टेकते आणि मूल ती उचलायला ताठ होतं. आमच्यासाठी कड २५ ते २७ इंचांवर पाहिजे होती. हा आकडा चिठ्ठीवर लिहून नेला.

दुकानात खिडकीची उंची कुणी सांगत नाही. खोक्यावर छापलेलं नसतं. लांबी-रुंदी लिहितात, पण तीही फसवी. चारी भिंती मध्यभागी बाहेर ढकललेल्या असतात, त्या ठिकाणच्या सांध्यापासून समोरच्या सांध्यापर्यंतचं माप ठळक छापतात, ७५ इंच वगैरे. जमिनीवर तोच ब्लाइंड ५८ इंच भरतो. खुर्ची, स्टूल, बंदूक, पिशवी हे सगळं जमिनीवर बसणार आहे, म्हणून जमिनीचंच माप विचारा. एक मोठा माणूस आणि एक मूल यांना ५८ ते ६० इंचांचा चौकोन पुरतो. त्याहून लहान घेतला तर तुमचा गुडघा भिंतीला लागतो. मला दुकानातल्या मुलाने “तीन माणसांचा” म्हणून जो दाखवला त्यात आम्ही दोघे बसलो तेव्हा माझी कोपरं माझ्या पोराच्या बरगड्यांत. दुकानात ब्लाइंड उघडून उभा करायला सांगा, आपलं स्टूल घेऊन जा, आणि मुलाला आत बसवा. लाजू नका. दहा मिनिटांचं काम आहे.

खिडकीचा प्रकारही पाहा. जुन्या ब्लाइंडना ठरलेल्या जागी कापलेल्या आयताकृती खिडक्या असतात, त्या चेनने नाहीतर चिकटपट्टीने उघडतात. दोन्ही आवाज पहाटेच्या शांततेत बंदुकीसारखे वाटतात. चिकटपट्टीचा ‘खर्र’ आवाज तर ऐकवत नाही. आता आडवी सलग खिडकी आणि तिच्यावर गळ व दोरीने सरकणारं कापड असे ब्लाइंड मिळतात. कापड हवं तितकं खाली ओढून मुलाच्या उंचीला फट करता येते, तुमच्या बाजूला मात्र बंद ठेवता येते. मुलासाठी हाच प्रकार घ्या. मूल वाढेल तशी फट वर सरकवायची. एकाच ब्लाइंडवर चार-पाच वर्षं निघतात.

आरपार दिसणारी जाळी : घ्यावी का

घ्यावी, पण कशी चालते ते समजून. या ब्लाइंडच्या भिंतींवर बाहेरून झाडांची नक्षी छापलेली असते आणि आतून कापड काळं, बारीक भोकांचं असतं. आत अंधार असेल तोवर आपल्याला बाहेरचं दिसतं आणि बाहेरून फक्त नक्षी दिसते. मुलाला हे फार आवडतं. खिडकी बंद असताना, हात-पाय कुठे आहेत याची चिंता न करता, त्याला तीन बाजूंचं रान दिसतं. नर कुठून येतोय हे आधीपासून दिसलं की मान वर काढण्याचं कारणच उरत नाही. माझ्या मते मुलासोबत जाणाऱ्यासाठी याइतकी उपयोगी दुसरी सोय नाही.

पण संध्याकाळी घरात दिवा लावल्यावर पातळ पडद्याआडची माणसं रस्त्यावरून दिसतात ना, तसंच इथे होतं. पाठीमागून ऊन आलं की जाळी उलटी चालायला लागते, आणि आपण दोघे बाहेरून सावलीच्या बाहुल्यांसारखे दिसतो. सकाळी सूर्य पूर्वेला. म्हणून पूर्वेकडची भिंत अपारदर्शक हवी, किंवा आतून काळं कापड लावून बंद केलेली हवी. बहुतेक अशा ब्लाइंडमध्ये एक भिंत अपारदर्शक असतेच. ती पाठीमागे ठेवा. पाठीमागची आणि बाजूची खिडकी उघडी ठेवायची नाही, वारा हवा म्हणून दोन बोटं फटसुद्धा नाही. समोरची एकच उघडी.

जाळीतून छर्रे मारायचे नाहीत. बार फक्त उघड्या खिडकीतून.

हे सगळं नीट झालं का ते तपासायची सोपी रीत आहे. पहाटेच्या वेळीच, सूर्य त्याच बाजूला असताना, एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने वीस यार्ड लांब जाऊन उकिडवं बसायचं. टर्कीचा डोळा जमिनीपासून साधारण तीन फुटांवर असतो. त्या उंचीवरून मोबाइलने फोटो काढा. आम्ही जुन्या ब्लाइंडचा असा फोटो काढला तेव्हा मुलाच्या टोपीची कड, माझा कान आणि माझा चष्मा लख्ख दिसले. पाठीमागची खिडकी मी ‘हवा खेळायला’ उघडी ठेवली होती. ती बंद करून पुन्हा काढला, तर खिडकीत नुसता काळा चौकोन.

आत बसायला काळे कपडे

बाहेर झाडाला टेकून बसताना पानांच्या नक्षीचे कपडे ठीक. ब्लाइंडच्या आत पार्श्वभूमी काळी असते, तिथे नक्षी उठून दिसते. दोघांनाही काळा सदरा, काळी टोपी, हातमोजे, आणि तोंडावर काळं फडकं. मुलाचा चेहरा झाकायला विसरू नका, गोरा असो की सावळा, घामाने चमकतो. लाल, पांढरा आणि निळा हे तीन रंग अंगावर अजिबात नको, मोज्यांवरसुद्धा नाही. नराच्या डोक्याचे तेच रंग आहेत, आणि दुसऱ्या कुणा शिकाऱ्याला गैरसमज झाला तर काय होईल ते सांगायला नको. याच कारणासाठी नकली टर्की नेहमी पिशवीत घालून न्या, आणि जाता-येता ब्लाइंडवर भगव्या-नारिंगी रंगाची पट्टी बांधा.

नव्या कापडाची चकाकी

अतिनील प्रकाशाचा मुद्दा इथे येतो. आपल्याला मातकट दिसणारं नवं कापड टर्कीला तसंच दिसेल याची खात्री नाही. त्यात कपड्यांना ‘उजाळा’ देणारी साबण पावडर असते, तिच्यात अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकणारी द्रव्यं असतात. अशा पावडरने ब्लाइंड किंवा शिकारीचे कपडे धुवू नका. चिखल लागला तर नुसत्या पाण्याने पुसा. नवा ब्लाइंड आणल्यावर आम्ही तो आठवडाभर अंगणात उभा ठेवला, धूळ बसू दिली. मुलाने त्यात गृहपाठ केला, जेवला, दुपारी झोपलाही. दोन कामं एकदम झाली : कापडाची नवलाई गेली आणि त्याला आतला अंधार ओळखीचा झाला.

पायाखालचा पाला, हातातला खाऊ

ब्लाइंड उभा केल्यावर पहिलं काम म्हणजे आतली जमीन पायाने किंवा हाताने साफ करणं. ओकची सुकी पानं, काटक्या, सगळं बाहेर. माती दिसेपर्यंत. नाहीतर पायाचा अंगठा हलला तरी कुरकुर होते. शक्यतो आदल्या संध्याकाळी हे करून ठेवा. खाजगी जमिनीवर मालकाला विचारून ब्लाइंड रात्रभर ठेवता येतो. सरकारी जमिनीवर तसा ठेवायला परवानगी आहे का, ते आधी त्या जागेच्या नियमांत पाहून घ्या. पहाटे अंधारात, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, झाडावर नर बसलेले असताना ब्लाइंड उघडायचा म्हणजे सांधे ‘टक्, टक्’ वाजवत सगळ्या रानाला वर्दी देणं.

खाऊचा विचार गंभीरपणे करा. भुकेलं मूल बसत नाही, हे आईला विचारलं तर ती सांगेल. चिवडा, खाकरा, वेफर यांची पाकिटं घरीच ठेवा. आम्ही गुळपोळीच्या वळकट्या, थालीपिठाचे तुकडे आणि केळं सुती फडक्यात बांधून नेतो. पाण्याची बाटली मऊ, न कुरकुरणारी. जाण्याआधी घरीच लघवीला लावा, आणि तरी एक रिकामी रुंद तोंडाची बाटली बरोबर ठेवा.

गोचिडांचं इथे फार आहे. एप्रिलपासून लोन स्टार जातीची गोचीड गवतात असते, तिच्या मोठ्या मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो. पॅन्टवर आणि बुटांवर परमेथ्रिन आदल्या दिवशी फवारून पूर्ण वाळवा. ते फक्त कपड्यांसाठी आहे, मुलाच्या अंगाला लावायचं नाही. घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे नीट पाहा.

वारा

एप्रिलचा वारा इथे जोरात असतो. ढिला ब्लाइंड फडफडतो, आणि फडफडणारं छत म्हणजे हालचाल. चारी कोपरे खुंट्यांनी ठोका, भिंतीच्या मधल्या सांध्यांच्या दोऱ्या ताणून बांधा. बरेच लोक दोऱ्या पिशवीतच ठेवतात. खिडकीचं लोंबतं कापड कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांनी आतून धरून ठेवा. पायथ्याशी, आणि कोपऱ्यांवर सरळ रेषा दिसतात तिथे, सीडरच्या दोन-तीन फांद्या लावल्या की पुरे. सगळा ब्लाइंड झाकत बसू नका, त्याची टर्कीला गरज नाही, आणि नळीसमोर फांदी आली तर धोका.

अंतर, आणि नकली टर्की कुठे

नर झाडावर कुठे झोपतात ते आदल्या संध्याकाळी कानाने शोधा. काळोख पडताना घुबडाचा आवाज काढला की ते बऱ्याचदा चिडून ओरडतात. त्या झाडांच्या फार जवळ जाऊ नका. आम्ही दीडशे यार्ड तरी लांब, कुरणाच्या कडेला, ते उतरून जिथे चरायला येतात त्या बाजूला बसतो.

मुलासोबत असताना नकली टर्की जवळ लावा, पंधरा ते अठरा यार्डांवर. मी आधी तीस यार्डांवर लावायचो, स्वतःच्या सवयीने. नर नकली पक्ष्यापाशी येऊन थांबतो, आणि तीस यार्ड हे नऊ वर्षांच्या मुलासाठी लांब आहे. एक मादी आणि एक कोवळा नर पुरतात. कोवळ्या नराचं तोंड ब्लाइंडकडे ठेवलं की मोठा नर त्याला तोंड द्यायला वळसा घालून ब्लाइंड आणि तो यांच्या मध्ये येतो, आणि त्याची पाठ आपल्याकडे होते. फुललेल्या पंख्यामागून त्याला आपण दिसत नाही. मुलाला नळी सरळ करायला तेवढी उसंत मिळते.

पंचवीस यार्डांवर एक सुकी काठी रोवून ठेवतो. काठीच्या पलीकडचा नर म्हणजे ‘पाहायचा’ नर. हे मुलाशी घरी ठरलेलं असतं. तिथे वाद नाही.

बंदूक

मुलासाठी आम्ही २० गेजची (नेहमीच्यापेक्षा बारीक नळीची), दस्ता आखूड केलेली शॉटगन वापरतो. मिझुरीत टर्कीसाठी ४ नंबरपेक्षा जाड छर्रे चालत नाहीत. टर्कीची जड काडतुसं खांद्याला जोराचा झटका देतात, म्हणून सराव हलक्या काडतुसांनी करावा, आणि जड काडतुसं कागदावर दोन-तीनच, छर्रे वीस-पंचवीस यार्डांवर किती दाट पडतात ते पाहण्यापुरती. टंगस्टनचे जड, बारीक छर्रे आता .४१० च्या लहान बंदुकीतूनही वापरतात. झटका कमी असल्याने लहान मुलांसाठी बरेच जण ते घेतात. महाग आहेत.

ब्लाइंडमध्ये नळी तिपाई टेकणीवर कायम तयार असावी, म्हणजे नर समोर आल्यावर उचलाउचल नको. नळीचं तोंड खिडकीच्या बाहेर. आत राहिलं तर आवाज कापडात कोंडतो आणि कान बधिर होतात, खिडकीचं कापडही फाटतं. दोघांच्या कानांवर संरक्षक हवेतच. बारीक आवाज मोठा करून ऐकवणारे आणि स्फोट अडवणारे इलेक्ट्रॉनिक मिळतात, त्यात कुजबुज ऐकू येते आणि नराचं ओरडणंही. चालताना बंदूक रिकामी आणि माझ्याकडे. बसल्यावर, नळी बाहेर गेल्यावरच काडतूस. मी “आता” म्हणेपर्यंत सेफ्टी लावलेली. मुलाने शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला नसेल, तर सोबतच्या प्रौढाने तो केलेला असणं आणि अगदी शेजारी असणं हा कायदाच आहे. मोठ्या माणसाने आपली बंदूक घरी ठेवावी असं माझं स्वतःचं मत आहे. दोन बंदुका त्या चौकोनात मावत नाहीत, आणि लक्षही एकाच पोरावर राहतं.

तिसऱ्या वर्षी शनिवारी दोन तास बसलो, फक्त माद्या आल्या. आठच्या सुमाराला तो म्हणाला, “बाबा, घरी जाऊया?” आम्ही लगेच उठलो. जाताना ओढ्याकाठी मोरेल अळंबी सापडली, तीच मोठी शिकार असल्यासारखी टोपीत भरून आणली. मूल म्हणेल तेव्हा उठायचं, हा नियम मी तोडत नाही.

रविवारी नर कुरणाच्या टोकाला दिसला तेव्हा मुलाने मला सांगितलं. मी त्याला नव्हे. जाळीतून त्याला तो माझ्या आधी दिसला होता. पावलं जमिनीवर, गाल दस्त्याला, आणि जवळजवळ दहा मिनिटं तो पोरगा हललाही नाही. श्वासाने तोंडावरचं काळं फडकं आत-बाहेर होत होतं, तेवढंच. साठ यार्डांवर नर थांबला. माझा जीव घशात. त्याने पंखा झाडला, मान खाली घातली आणि पुढे आला. काठीच्या अलीकडे आल्यावर मी “आता” म्हटलं.

घरी येऊन ब्लाइंड आधी वाळवला. दवाने भिजलेला तसाच पिशवीत भरला की आठवड्यात बुरशी धरते आणि काळं कापड पांढुरकं होतं. घडी करताना छताचा सांधा आधी आत ओढायचा, मग भिंतींचे, आणि मुलाची बोटं लांब ठेवायची, कांड्या फटकन मिटतात. यंदा मार्चमध्ये पुन्हा टेप काढली. डोळा ३७ इंच, खांदा ३१. खिडकीचं कापड दोन इंच वर बांधलं, तिपाई टेकणीचे पाय एक खाच वाढवले, आणि स्टूल तेच ठेवलं, कारण पावलं अजून त्यावरूनच सपाट टेकतात.